क्यूएमएलच्या यादीला सी प्लस प्लसचे मॉडेल जोडताना या चुका टाळा

क्यूटी या सॉफ्टवेअर चौकटीत सी प्लस प्लसमध्ये लिहिलेले मॉडेल (यादीला माहिती पुरवणारा भाग) क्यूएमएल या पडदा रचण्याच्या भाषेतील लिस्टव्ह्यूला, म्हणजे यादी दाखवणाऱ्या घटकाला, जोडल्यावर यादी रिकामी दिसते, जुनीच माहिती दाखवत राहते किंवा मध्येच प्रोग्रॅम बंद पडतो, तेव्हा बहुतेक जण आधी डिलिगेटमध्ये, म्हणजे यादीतील प्रत्येक ओळ कशी दिसावी हे ठरवणाऱ्या भागात, दोष शोधतात. माझ्या मते सुरुवात मॉडेलपासून करावी.

ओळी योग्य संख्येने येतात पण मजकूर दिसत नाही, अशा वेळी मॉडेलमधील रोलनेम्स हे फंक्शन तपासावे; ओळीतील माहितीच्या प्रत्येक तुकड्याला, म्हणजे रोलला, ते नाव देते. तेथे दिलेले नाव आणि डिलिगेटमध्ये वापरलेले नाव अक्षरशः एकच असले पाहिजे. क्यूटी ५.१५ पासून डिलिगेटमध्ये रिक्वायर्ड प्रॉपर्टी, म्हणजे बाहेरून मिळालेच पाहिजे असे मूल्य, जाहीर करता येते; त्यामुळे रोल सापडला नाही तर चूक मुकाट्याने दडून न राहता संदेश मिळतो.

सर्वांत जास्त वेळ खाणारी चूक मात्र वेगळी आहे. मॉडेलच्या आत नोंदी साठवणाऱ्या मूळ व्हेक्टरमध्ये नवी नोंद थेट घातली, तर व्ह्यूला त्याचा पत्ताच लागत नाही. नोंद घालण्यापूर्वी बिगिनइन्सर्टरोज आणि घातल्यानंतर एंडइन्सर्टरोज बोलावणे आवश्यक आहे, आणि यातील शेवटचा क्रमांक समावेशक असतो, म्हणजे एकच ओळ घालताना पहिला व शेवटचा क्रमांक सारखाच द्यावा लागतो. ओळ खाली हलवताना बिगिनमूव्हरोजला दिलेले स्थान हलवण्यापूर्वीच्या क्रमाने मोजले जाते. म्हणून शून्य क्रमांकाची ओळ एक घर खाली न्यायची तर एक नव्हे, दोन द्यावे लागतात, अन्यथा ते फंक्शन फॉल्स परत करते. या हिशेबाला कंटाळून प्रत्येक बदलासाठी संपूर्ण मॉडेल नव्याने मांडणारे बिगिनरीसेटमॉडेल वापरणे हा उपाय नव्हे, कारण त्यामुळे सगळे डिलिगेट पुन्हा तयार होतात आणि वाचणाऱ्याची स्क्रोलची जागा हरवू शकते. केवळ मूल्य बदलले असेल, तर बदललेल्या रोलसह डेटाचेंज्ड हा सिग्नल (बदलाची सूचना) पाठवणे पुरेसे आहे.

चेकबॉक्सची खूण डिलिगेटमध्ये साठवू नये. दृष्टीआड गेलेला डिलिगेट नष्ट होऊ शकतो, त्यामुळे ती खूण मॉडेलमध्येच असावी.

नेटवर्कवरून माहिती दुसऱ्या थ्रेडवर (प्रोग्रॅममध्ये समांतर चालणाऱ्या कामाच्या धाग्यावर) येत असेल, तर त्या थ्रेडवरून मॉडेलला हात लावू नये. सिग्नलद्वारे माहिती मुख्य थ्रेडकडे सोपवून बदल तेथेच करावा. असे दोष दर वेळी दिसत नाहीत, म्हणून ते अधिक घातक ठरतात.

क्यूटी ५.११ पासून उपलब्ध असलेला क्यूॲब्स्ट्रॅक्टआयटममॉडेलटेस्टर हा मॉडेल तपासणारा वर्ग चाचणीत जोडून ठेवल्यास मॉडेलच्या नियमांतील विसंगती व्ह्यू जोडण्याआधीच लक्षात येतात.