बिबट्याचं लिव्हर आणि एक बरणी फॉर्मालिन

बीव्हीएससी, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरकीची पदवी, करून पॅथॉलॉजीत एमव्हीएससी करायची, मग झू किंवा जंगली प्राण्यांच्या पीएमचं, म्हणजे शवविच्छेदनाचं, काम करायचं असं मनात असेल तर हे वाचा.

माझा पहिला बिबट्या फासकीत मेलेला, रत्नागिरीजवळच्या काजूच्या बागेत, मे महिन्यात. वनखात्याचा पंचनामा होऊन सुरी लागेपर्यंत दुपारचे दोन. मेला कशाने ते कमरेत रुतलेल्या तारेवरून दिसतच होतं, पण लिव्हरवर पांढरे ठिपके होते, म्हटलं काहीतरी सापडलं, आणि ते कापायला मन होईना म्हणून तळहाताएवढा तुकडा तसाच फॉर्मालिनमध्ये, म्हणजे टिश्यू टिकवायच्या द्रावणात, कोंबला. रिपोर्ट आला, टिश्यू कुजलेला, मत देता येत नाही. ते ठिपके कसले होते हे मला आजही माहीत नाही.

नीट समजून घ्या. फॉर्मालिन आत फार हळू शिरतं. आपल्याकडच्या उकाड्यात तोवर तुकडा आतून सडून जातो, बाहेरून राखाडी, कडक, आणि मधे कापला की लाल लगदा. म्हणून जाडी पाच मिलीमीटर, फार तर एक सेंटीमीटर. ठिपका आणि बाजूचा चांगला भाग दोन्ही एकाच तुकड्यात यायला हवेत. टिश्यूच्या दहापट फॉर्मालिन, तेही दहा टक्के, म्हणजे बाजारातलं एक भाग आणि पाणी नऊ भाग. रुंद तोंडाची बरणीच घ्या, अरुंद बाटलीत घातलेला तुकडा कडक झाल्यावर बाहेर निघत नाही. आणि हिस्टोसाठीचा, म्हणजे मायक्रोस्कोपखाली बघायचा, तुकडा डीप फ्रीजरमध्ये कधीच नाही, बर्फाने पेशी फाटतात. विषबाधेचा संशय असेल तर तो व्हिसेरा, म्हणजे तपासणीला पाठवायचे आतले अवयव, वेगळा, मिठाच्या संपृक्त पाण्यात.

व्हॉट्सअॅपवर फोटो टाकून डायग्नोसिस मागायची सवय लावून घेऊ नका. आणि जो गाईड स्वतः पीएमला उभा राहत नाही त्याच्याकडे दोन वर्षं काढू नका, मी परळच्या व्हेटरनरी कॉलेजात जे शिकलो ते जास्त करून पीएम हॉलमधल्या अटेंडंट काकांच्या हाताकडे बघून.

सिंधुदुर्गात दोडामार्गकडे मेलेलं माकड दिसलं तर मात्र थांबा! २०१६ साली तिथे माकडतापाची साथ होती, मेलेल्या माकडावरच्या गोचिडी उतरून माणसाला चावतात. पूर्ण अंग झाकल्याशिवाय जवळ जायचं नाही, आधी आरोग्य खात्याला फोन.

पहिले दोनचार रिपोर्ट वाया जातील, जाऊ देत, सगळ्यांचे जातात. बरण्या आदल्या दिवशीच भरून ठेवा, आणि लेबल पेन्सिलने लिहून बरणीच्या आत टाका, पेनाची शाई फॉर्मालिनमध्ये धुऊन जाते.