मुलाच्या फोनवर धमकी आली तर: परदेशातल्या पोलिसांपर्यंत पोचेल अशी तक्रार कशी द्यायची

जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यातून मी उपनिरीक्षक म्हणून निवृत्त झाले. वर्दी उतरली तरी कॉलनीतल्या लोकांचं येणं थांबलं नाही. "मॅडम, जरा खासगी बोलायचं होतं" म्हणत कुणीतरी दारात उभं राहतं, आणि खासगी म्हणजे बहुतेक वेळा पोराचा फोन. इन्स्टाग्रामवर एखाद्या 'मुलीशी' ओळख झाली, रात्री व्हिडिओ कॉल झाला, आणि आता समोरचा पैसे मागतोय, नाहीतर व्हिडिओ सगळ्या फॉलोअर्सना पाठवीन म्हणतोय. मुलगी असेल तर पैशांऐवजी आणखी फोटो मागतात. आईबापांचा प्रश्न ठरलेला असतो: "तो कुठल्या देशात बसलाय कोण जाणे. आपले पोलीस काय करणार?"

एक प्रकरण सांगते. अमेरिकेत मिशिगन राज्यात मार्च २०२२ मध्ये अशाच धमक्यांपायी एका १७ वर्षांच्या मुलाचा जीव गेला. धमक्या देणारे नायजेरियात, लागोसला बसलेले. एफबीआयने ॲप चालवणाऱ्या कंपनीकडून खात्याची माहिती काढली, नायजेरियाच्या यंत्रणेने माणसं धरली, ऑगस्ट २०२३ मध्ये दोघा भावांना अमेरिकेच्या ताब्यात दिलं आणि सप्टेंबर २०२४ मध्ये दोघांना प्रत्येकी साडेसतरा वर्षांची शिक्षा झाली. म्हणजे देश वेगळा असला की आरोपी सुटलाच, असं नाही. मात्र प्रत्येक तक्रार इतकी लांब जात नाही. कोणती जाईल आणि कोणती आपल्याच तालुक्यात अडकेल, हे बरंचसं पहिल्या दिवशी तुमच्या हातात काय आहे यावर ठरतं.

आधी पोराकडे बघा

फोन नंतर. "तुला अक्कल नाही का" हे वाक्य गिळा. पोर आधीच अर्धमेलं झालेलं असतं, आणि धमकी देणारा त्याच भीतीवर जगतो. त्याला सांगा की गुन्हा समोरच्याने केलाय, तू नाही. त्या रात्री त्याला एकटं झोपवू नका. फार खचलेलं वाटलं, जीव देण्याची भाषा करत असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आधाराच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, आणि मुलांसाठी १०९८ आहेच. लगेचचा धोका वाटला तर ११२.

पैसे द्यायचे नाहीत. एकदा दिले की थांबतात, असं मी नोकरीत एकदाही पाहिलं नाही. उलट रक्कम वाढते. आधीच दिले असतील तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा आणि यूपीआय व्यवहाराचा १२ आकडी क्रमांक जवळ ठेवा. पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत गोठवायचे असतील तर उद्यावर टाकू नका.

फोनमधलं काय जपायचं

बहुतेक घरांत घाबरून पहिलं काम होतं ते चॅट पुसायचं, खातं बंद करायचं. तसं करू नका. ॲप काढू नका, लॉगआउट करू नका, फोन रिसेट करू नका. ब्लॉक करायचं ते सगळं टिपून झाल्यावर.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे प्रोफाइलची लिंक. लोक मोठ्या अक्षरांतलं नाव लिहून आणतात, 'काजल', 'रिया', आणि तसल्या नावाची खाती हजारोंनी असतात. कंपनीला त्याचा काही उपयोग नाही. प्रोफाइलवर जा, वरचे तीन टिंब दाबा, लिंक कॉपी करा आणि कागदावर अक्षर न अक्षर उतरवा. खालची रेघ, टिंब, शून्य की इंग्रजी ओ, हे नीट बघा. व्हॉट्सॲप असेल तर देशाच्या कोडसकट पूर्ण नंबर. टेलिग्रामवर समोरचा दोन्हीकडचं चॅट पुसू शकतो, तेव्हा तिथे घाई करा.

मग वेळ. इथे जरा थांबते, कारण चांगले शिकलेले लोकही इथे चुकतात. परदेशी कंपन्यांच्या नोंदी बहुधा जागतिक प्रमाणवेळेत असतात आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे आहोत. तुमच्या मुलाला १५ तारखेला रात्री १२ वाजून ४० मिनिटांनी मेसेज आला असेल, तर कंपनीच्या नोंदीत तो १४ तारखेला १९.१० ला असतो. तक्रारीत नुसतं "१४ तारखेला रात्री साडेबाराच्या सुमारास" लिहिलं की कोणती रात्र, यावरच तपास अडतो. पुढची अडचण आणखी मोठी. आपल्याकडच्या मोबाइल कंपन्या एकच आयपी पत्ता (इंटरनेटवरच्या जोडणीचा क्रमांक) एकाच वेळी कितीतरी ग्राहकांना देतात. त्यातून एक माणूस वेगळा काढायचा तर अचूक वेळ लागते, आणि जोडीला पोर्ट क्रमांक, म्हणजे त्या सामायिक पत्त्यामागची एकेक जोडणी वेगळी ओळखणारा आकडा. पोर्ट क्रमांक मिळवणं पोलिसांचं काम, वेळ देणं तुमचं. तेव्हा तारीख, तास, मिनिट आणि पुढे 'भारतीय वेळ' असं लिहा.

धमकीच्या मेसेजचे स्क्रीनशॉट घ्या, वर खात्याचं नाव दिसेल असे. पण मुलाचा उघडा फोटो किंवा व्हिडिओ असेल तर त्याचा स्क्रीनशॉट नाही, दुसऱ्या फोनने फोटो नाही, कुणाला फॉरवर्ड तर अजिबात नाही. वकील मेहुण्याला नाही, ओळखीच्या हवालदाराला व्हॉट्सॲपवरही नाही. पोक्सोचं, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचं, कलम १५ आणि आयटी कायद्याचं ६७ ब या बाबतीत कडक आहेत आणि हेतू चांगला होता हे नंतर सांगत बसावं लागतं. कागदावर एवढंच लिहा: कोणत्या ॲपमध्ये, कोणत्या तारखेच्या मेसेजखाली तो आहे. बाकी फोन जप्त होईल तेव्हा पंचांसमक्ष होईल.

ठाण्यात काय म्हणायचं

"हे सायबरचं आहे, तिकडं जा" हे वाक्य ऐकून परत फिरू नका. आमच्या ओळखीतल्या एका बाईंना असं दोन ठाण्यांनी एकमेकांकडे फिरवलं होतं, तोवर धमकी देणाऱ्याने आपलं खातं उडवूनही टाकलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्याने तो नोंदवून नंतर योग्य हद्दीत वर्ग करायचा असतो. नुसता अर्ज ठेवून घेतला, अदखलपात्र नोंद केली, यावर समाधान मानू नका. १८ वर्षांखालचं मूल आहे, पोक्सो आहे, आणि पोक्सो मुलग्यालाही तितकाच लागू आहे. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. तरीही नकार मिळाला तर तीच हकिगत लिहून पोलीस अधीक्षकांना पाठवा, शहरात असाल तर उपायुक्तांना. पोस्टाची पावती जपा.

मुलाला ठाण्यात बसवून ठेवायची गरज नाही. पोक्सोच्या कलम २४ प्रमाणे जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घ्यायचा, शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, तोही वर्दीत न येता. त्या कलमामुळेच मी साध्या साडीत कितीतरी स्वयंपाकघरांत बसून जबाब लिहिले. आई चहा टाकते, पोर ओट्याकडे बघत बोलतं, आणि टेबलापलीकडून कधी निघालं नसतं ते निघतं. तेव्हा संकोच न करता मागा.

अर्ज कसा लिहायचा हे लोक विचारतात. फापटपसारा नको. असा पुरतो:

"माझा मुलगा, वय १५. दिनांक अमुक रोजी रात्री १२.४० वाजता (भारतीय वेळ) त्याच्या इन्स्टाग्राम खात्यावर (लिंक) पुढील खात्यावरून (लिंक) धमकीचा मेसेज आला. मागणी रुपये ५,०००. यूपीआय आयडी अमुक. व्यवहार झाला असल्यास क्रमांक अमुक. आक्षेपार्ह व्हिडिओ मुलाच्या फोनमध्ये त्याच चॅटमध्ये आहे, तो आम्ही काढलेला अथवा कुणाला पाठवलेला नाही. सदर खात्याची माहिती कंपनीकडे तात्काळ जतन करून ठेवण्याबाबत कळवावे, ही विनंती."

शेवटचं वाक्य विसरू नका. त्याच्यावर पुढे बोलते.

घरून तक्रार करायची तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या राष्ट्रीय पोर्टलवर महिला आणि मुलांसाठी वेगळा भाग आहे. तिथे नाव न देताही तक्रार करता येते. इंटरनेटवर कुठल्यातरी अनोळखी मुलाचं काही दिसलं तर तो मार्ग उत्तम, लिंक द्या आणि मोकळे व्हा. स्वतःच्या मुलाचं प्रकरण असेल तर नावानिशी द्या, नाहीतर तपासी अधिकाऱ्याने परत विचारायचं कुणाला? आणि शाळेतल्या शिक्षकांनी हे लक्षात ठेवावं की माहिती असून पोलिसांना न कळवणं हाच पोक्सोत गुन्हा आहे, कलम १९ आणि २१. "शाळेची बदनामी नको" हे कारण कोर्टात चालत नाही.

कागद पुढे कुठे जातो

आयटी कायद्याची कलमं लागली की तपास पोलीस निरीक्षकापेक्षा खालच्या दर्जाचा अधिकारी करू शकत नाही. तो अधिकारी कंपनीच्या पोलिसांसाठीच्या वेगळ्या पोर्टलवरून दोन गोष्टी पाठवतो. पहिली, माहिती जतन करण्याची विनंती. अमेरिकी कायद्यात ती ९० दिवस टिकते आणि आणखी ९० दिवस वाढवता येते. ती गेली की आरोपीने खातं उडवलं तरी कंपनीकडे प्रत राहते. हे काम वेळेत झालं का, एवढं एकच तुम्ही विचारलंत तरी अधिकाऱ्याला कळतं की समोरचा माणूस जाणता आहे. विचारताना आवाज चढवू नका, एकेका अधिकाऱ्याच्या टेबलावर असे गठ्ठे असतात.

दुसरी, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ ची नोटीस: खातं कोणत्या नंबरवरून उघडलं, कोणत्या आयपीवरून वापरलं. एवढी माहिती कंपन्या बऱ्याचदा थेट देतात. आयपी भारतातला निघाला तर मोबाइल कंपनी, मग सिमधारक, मग त्या राज्याचे पोलीस. अशी कितीतरी प्रकरणं राजस्थान-हरियाणाच्या सीमेवरच्या मेवात पट्ट्यात जाऊन पोचतात, परदेशाचा संबंधच नसतो. आयपी बाहेरचा निघाला, किंवा चॅटचा मजकूरच कोर्टासाठी हवा असला, तर रस्ता लांबतो. अमेरिकेशी आपला परस्पर कायदेशीर साहाय्याचा करार २००५ पासून लागू आहे, पण तो कागद गृह मंत्रालयामार्फत जातो आणि महिनोन्‌महिने लागतात. इतर देशांच्या पोलिसांशी बोलायचं दार म्हणजे सीबीआय, इंटरपोलसाठी भारताचं कार्यालय तेच. २०२२ मध्ये इंटरपोलच्या बाल लैंगिक शोषणाच्या चित्रसंग्रहाला भारत जोडला गेला, ६८ वा देश म्हणून. त्यात वेगवेगळ्या देशांत सापडलेल्या चित्रांतली खोली, पडदा, प्लगचा आकार ताडून मूल कोणत्या देशातलं हे शोधतात. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सीबीआयने 'ऑपरेशन मेघचक्र' नावाने देशभर छापे घातले, ती खबर न्यूझीलंडच्या पोलिसांकडून इंटरपोलच्या सिंगापूर शाखेमार्फत आली होती.

उलट दिशेनेही कागद येतो. अमेरिकी कंपनीला आपल्या सेवेत मुलांच्या शोषणाचं चित्र आढळलं तर बेपत्ता आणि शोषित मुलांसाठी काम करणाऱ्या तिथल्या एनसीएमईसी या संस्थेला कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. २०१९ च्या करारानंतर भारताशी संबंधित खबरा दिल्लीला राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे येतात, तिथून महाराष्ट्र सायबर, तिथून जिल्हा. एक दिवस पोलीस दारात येतात आणि घरातले म्हणतात, "अहो, तो व्हिडिओ मी फक्त नराधमाला पकडा म्हणून पाठवला होता." संताप खरा असतो, पण तो पाठवायला नको होता. व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेलं आपोआप गॅलरीत, तिथून आपोआप क्लाउडवर जातं, आणि तिथे ओळखलं जातं. मीडिया ऑटो-डाउनलोड आजच बंद करा. असलं काही ग्रुपवर आलं तर ग्रुपचं नाव, पाठवणाऱ्याचा नंबर आणि वेळ घेऊन पोर्टलवर जा.

फोटो पसरू नये म्हणून

हे तपासाची वाट न बघता त्याच दिवशी करा, फक्त वरचं सगळं टिपून झाल्यावर. एनसीएमईसीची 'टेक इट डाउन' नावाची फुकट सेवा आहे, भारतातूनही चालते. फोटो अपलोड करावा लागत नाही. तुमच्याच फोनवर त्याचा डिजिटल ठसा तयार होतो आणि फक्त तो ठसा फेसबुक, इन्स्टाग्रामसारख्या सहभागी कंपन्यांकडे जातो. मूळ फाइल जशीच्या तशी फोनमध्ये हवी, तिला हात लावला, कापली, फिल्टर लावला तर ठसा बदलतो. व्हॉट्सॲपच्या बंद चॅटमध्ये याचा उपयोग नाही, हेही ध्यानात असू द्या. फोटो आधीच कुठे झळकला असेल तर त्या ॲपमध्ये 'रिपोर्ट' करा, कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिंकसह मेल करा आणि त्या मेलची प्रत तपासी अधिकाऱ्याला द्या.

फोन जप्त झाल्यावर न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातो आणि लवकर येत नाही. जप्तीच्या पंचनाम्यात कंपनी, मॉडेल, आयएमईआय क्रमांक (प्रत्येक फोनचा वेगळा ओळख क्रमांक) आणि फोनची अवस्था लिहिली आहे का, ते सही करण्याआधी वाचा. सिम परत मागून घ्या. तपासाला ते लागणारच असेल तर त्याच नंबरचं दुसरं सिम काढा, कारण बँकेचे ओटीपी त्यावर येतात. फोन परत हवा असेल तर कोर्टात मुद्देमाल परत मिळण्याचा अर्ज करता येतो. पोक्सोच्या विशेष कोर्टातला सरकारी वकील किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरण तो अर्ज कसा करायचा ते सांगतं, आणि प्राधिकरणाकडे मुलांना वकीलही मोफत मिळतो.