गुलाब छाटताना हात आखडू नका
छाटायला हात धजत नाही माहितीये, पण जुन्या करड्या काड्या तशाच ठेवल्या तर फुलं बारीकच येणार ना. आधी सिकेटरला, म्हणजे छाटणीच्या कात्रीला, धार करा, मग बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा (काडीवरचा कोंब फुटायचा उंचवटा) शोधा आणि त्याच्या वर अर्धा सेंटीमीटर सोडून तिरका काप घ्या, आत बघणारा डोळा ठेवलात की फांद्या मधेच घुसतात, हवा खेळत नाही न् पानांवर काळे ठिपके सुरू. कापल्यावर आतला गर पांढरा दिसला पाहिजे, तपकिरी असेल तर अजून खाली या. कलमाच्या जोडाखालचा फुटवा मात्र ओढूनच काढा, तो खालच्या रानटी खुंटाचा असतो, मी एकदा लाडाने वाढवला, अख्खं झाड रानटी झालं! पाणी सकाळी, बुडाशी. साधारण दीड महिन्यात फुलं.