गोरामीची जोडी लावताना नर-मादी ओळखण्यातल्या या चुका टाळा

गोरामी या टाकीत पाळल्या जाणाऱ्या शोभेच्या माशांची वीण फसली की आपण आधी पाणी तपासतो, मग खाद्य बदलतो आणि टाकीतली जोडी खरोखर नर-मादीची आहे का, हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारतो. हा क्रम उलटा हवा. दुकानातून जोडी म्हणून आणलेल्या पिशवीत दोन नर निघाले, तर दोन फुटी टाकीत त्यांतल्या दुबळ्याचे पर फाटतात, खवले निघतात आणि तो वरच्या कोपऱ्यात दबून राहून खाणे सोडतो. दोन माद्या निघाल्या, तर महिनेच्या महिने काहीच घडत नाही. आपल्या चुकलेल्या अंदाजाची किंमत मुका जीव मोजतो, म्हणून ही पारख घाईने करू नये.

सर्रास होणारी चूक म्हणजे रंगावरून निर्णय घेणे. पुण्यातल्या दुकानांत सहज मिळणारे ब्ल्यू, गोल्डन आणि ओपेलाइन गोरामी हे थ्री-स्पॉट गोरामी या एकाच जातीचे रंगभेद आहेत आणि त्यांच्यात नर व मादी यांचा रंग जवळजवळ सारखाच असतो. ठिपक्यांवरूनही काही ठरवता येत नाही, कारण अंगावरचे दोन ठिपके आणि तिसऱ्या ठिपक्यासारखा दिसणारा डोळा दोघांनाही सारखाच असतो.

या जातीत भरवशाची खूण पाठीवरच्या परात आहे. नराचा हा पर मागच्या बाजूला लांबत जाऊन टोकदार होतो आणि मिटल्यावर त्याचे टोक शेपटीच्या मुळापर्यंत किंवा त्याच्याही पुढे पोहोचते. मादीचा पर आखूड व टोकाला गोलसर असून शेपटीच्या अलीकडेच संपतो. खूण सोपी असली तरी ती पाहण्याची वेळ चुकते. पिशवीतला किंवा नुकताच जाळीने पकडलेला मासा घाबरून पर अंगाशी चिकटवून ठेवतो, आणि त्या अवस्थेत नरही मादीसारखा वाटतो. टाकीत सोडल्यावर त्याला निदान आठवडाभर स्थिरावू द्यावे आणि मग काचेला बाहेरून छोटा आरसा टेकवावा. प्रतिबिंबाला प्रतिस्पर्धी समजून मासा पर ताठ उभारतो; त्या वेळी मोबाइलवर व्हिडिओ घेऊन तो नंतर थांबवून पाहिला, तर पराची मागची कड स्पष्ट दिसते. आरसा मिनिटभरात काढून घ्यावा, कारण त्याहून अधिक वेळ ठेवल्यास मासा विनाकारण थकतो. सोबत टायगर बार्बसारखे पर कुरतडणारे मासे असतील, तर नराच्या पराचे टोक गेलेले असू शकते. अशा वेळी तो वेगळा ठेवून पर पुन्हा वाढेपर्यंत थांबावे.

वयाकडे होणारे दुर्लक्षही असेच नडते. विक्रीला येणारे बरेच गोरामी चार-पाच सेंटीमीटरचे असतात आणि त्या वयात पराचा फरक उमटलेलाच नसतो. लहान जोडी निवडून देण्याचा आग्रह दुकानदाराकडे धरण्यापेक्षा पाच-सहा पिल्ले एकत्र आणून मोठ्या टाकीत वाढवावीत आणि ती सात-आठ सेंटीमीटरची झाल्यावर त्यांतून जोडी निवडावी, असे माझे ठाम मत आहे.

एका जातीचा नियम दुसरीला लावता येत नाही. पर्ल गोरामीत पराबरोबरच गळ्याचा रंग उपयोगी पडतो: विणीला आलेल्या नराचा गळा आणि छाती नारिंगी-तांबडी होते, तर मादीचा गळा रुपेरीच राहतो. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातल्या आपल्या ड्वार्फ गोरामीत मात्र रंगच बोलतो, कारण निळ्या-तांबड्या पट्ट्यांचा झळाळता मासा नर असतो आणि मादी फिकट रुपेरी असते. त्यामुळे दोन झळाळत्या ड्वार्फ गोरामींची जोडी म्हणजे बहुतेक दोन नरच, हे ओळखून फिकट दिसणारी मादी आवर्जून मागावी. हनी गोरामीचा नर विणीच्या वेळी मधासारखा पिवळा-नारिंगी होतो आणि त्याच्या गळ्यापासून पोटाखाली काळसर रंग चढतो, पण बुजलेला किंवा दबलेला नर तो रंग टाकून हुबेहूब मादीसारखा दिसतो. किसिंग गोरामीत बाहेरून फरक दिसत नाही. त्यांचे ओठाला ओठ भिडवणे हे बहुधा बळ अजमावणे असते, त्यावरून जोडी जमल्याचा निष्कर्ष काढू नये.

फुगलेले पोट म्हणजे अंडी, हा समजही तपासून घ्यावा. भरपूर खाल्लेल्या नराचे पोटही गोल दिसते. एक दिवस खाद्य बंद ठेवून समोरून पाहावे. अंड्यांनी भरलेले पोट उपवासानंतरही दोन्ही बाजूंनी सारखे गोल राहते. खवले अंगापासून उभे राहिले असतील, तर तो आजार आहे आणि त्या माशाला विणीच्या टाकीत नेऊ नये.

पाठलागावरून मादी ठरवणेही धोक्याचे, कारण नर नराच्याही मागे लागतो आणि वरचढ मादी इतरांना हुसकावते. याउलट पाण्यावर बुडबुड्यांचे घरटे बांधणारा मासा जवळजवळ नेहमीच नर असतो. मात्र फिल्टरचा प्रवाह जोराचा असेल, तर घरटे टिकत नाही आणि हा मोलाचा पुरावा हातचा जातो. म्हणून विणीच्या टाकीत मंद स्पंज फिल्टर, पंधरा-वीस सेंटीमीटर पाणी, थोडी तरंगती वनस्पती आणि मादीला लपायला दाट झाडी ठेवावी. प्रारंभी मध्ये काचेचा पडदा ठेवून दोघांचे वागणे पाहिले, तर ओळख चुकली असली तरी कोणी जखमी होत नाही.

डिसेंबर-जानेवारीत पुण्यात रात्रीचा पारा 10 अंशांच्या आसपास उतरतो, तेव्हा हीटरविना ठेवलेल्या टाकीत मासे मलूल आणि फिके पडतात, आणि रंगाच्या खुणा पाहण्याला अर्थ उरत नाही. पाणी 26 ते 28 अंशांवर स्थिर ठेवूनच पारख करावी. पुण्यात दुरुस्तीसाठी गुरुवारी पाणीपुरवठा बंद राहिला, तर शुक्रवारी कमी दाबाने, कधी गढूळ येणारे पाणी थेट टाकीत ओतल्यासही मासे बुजतात. ते पाणी आधी साठवून निवळू द्यावे आणि क्लोरीन काढूनच वापरावे.

अखेरची चूक वीण झाल्यानंतर होते: थ्री-स्पॉटमध्ये दोघे सारखे दिसत असल्याने मादीऐवजी नरच बाहेर काढला जातो. तरंगती अंडी तोंडात घेऊन घरट्यात परत ठेवणारा आणि बुडबुडे दुरुस्त करत खाली थांबणारा तो नर. कोपऱ्यात दबलेली, बहुधा पर फाटलेली ती मादी. तिला लगेच हलवावे. अंडी चोवीस ते छत्तीस तासांत उबतात, आणि पिल्ले आडवी पोहू लागली की, म्हणजे साधारण आणखी तीन दिवसांनी, नरालाही वेगळे करावे; त्यानंतर तो पिल्ले खाऊ शकतो.