जर्नल उतरवणं थांबवा: पदवीला असतानाच टेक्निकल रायटिंग कसं शिकायचं

मी पुण्यात सॉफ्टवेअरची मॅन्युअलं लिहिते, म्हणजे टेक्निकल रायटिंग करते. त्याआधी साताऱ्याला रसायनशास्त्रात बी.एस्सी. केलं. त्यामुळे नात्यातली, शेजारपाजारची मुलं कुठला कोर्स करू म्हणून विचारायला येतात. अमेरिकेत कार्नेगी मेलनसारख्या विद्यापीठात या विषयात पदवी घेता येते. आपल्याकडे बहुतेकांची त्याच्याशी गाठ पडते ती 'कम्युनिकेशन स्किल्स'च्या पेपरात, अर्जाचा नमुना आणि रिपोर्टचे भाग पाठ करण्यापुरती. तेवढ्यावर मार्क मिळतात, लिहिता येत नाही.

कोर्स शोधण्याआधी दप्तरातलं प्रॅक्टिकलचं जर्नल बाहेर काढा. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण तक्ता, निष्कर्ष. टेक्निकल रायटिंगचा अख्खा सांगाडा त्यात आहे आणि तीन वर्षं दर आठवड्याला तो तुमच्या हातात असतो. अडचण एवढीच की जर्नल आपण लिहीत नाही, उतरवतो. सीनियरचं बघून, आणि त्यानं त्याच्या सीनियरचं बघून. सबमिशनच्या आदल्या रात्री सी.बी.आर.चे, म्हणजे सारख्या यायला हव्यात अशा रीडिंगचे, आकडे जुळतात, सही होते, विषय संपतो.

एक प्रयोग, नीट लिहून

एकच प्रयोग निवडा आणि तो कधीही न केलेल्या एफ.वाय.च्या मुलीसाठी लिहा. रसायनवाल्यांना मी ऑक्झॅलिक आम्ल आणि पोटॅशियम परमँगनेटचं टायट्रेशन (एका द्रावणात दुसरं थेंबथेंब घालून प्रमाण मोजणं) सुचवते, कारण त्यात अडखळायच्या जागा भरपूर आहेत. जर्नलमध्ये साधारण असं असतं: फ्लास्कमध्ये १० मिली ऑक्झॅलिक आम्ल घ्या, एक टेस्ट ट्यूब सौम्य सल्फ्युरिक आम्ल घाला, ६० ते ७० अंशांपर्यंत तापवा, फिकट गुलाबी रंग येईपर्यंत टायट्रेट करा. एकही वाक्य चूक नाही. तरीही पहिल्यांदा करणारी मुलगी यावर काम करू शकत नाही.

कारण ब्युरेटमधून, म्हणजे खाली कॉक असलेल्या मोजनळीतून, परमँगनेटचे पहिले थेंब पडले की फ्लास्क गुलाबी होतो आणि काही क्षण तसाच राहतो. तिला वाटतं, एंड पॉइंट आला, म्हणजे अभिक्रिया पूर्ण झाली. प्रत्यक्षात ही अभिक्रिया सुरुवातीला मंद असते. तिच्यातून तयार होणारे मँगनीजचे आयनच पुढे तिचा वेग वाढवतात, आणि मग थेंब पडताक्षणी रंग उडायला लागतो. हे जिला माहीत नाही, तिचं पहिलं रीडिंग हमखास वाया जातं. मग तुमच्या कागदावर टायट्रेशनच्या पायरीतच यायला हवं: सुरुवातीचे थेंब टाकल्यावर रंग जाईपर्यंत थांबा आणि हलवत राहा, शेवटी अर्धा मिनिट टिकणारा फिकट गुलाबी रंग म्हणजे एंड पॉइंट.

असंच आणखी. परमँगनेट इतकं गडद असतं की ब्युरेटमध्ये द्रावणाच्या पृष्ठभागाची खालची कड दिसत नाही. इतर द्रावणांना खालची कड वाचायची सवय लागलेली असते, इथे वरची वाचायची. फ्लास्कमध्ये तपकिरी गढूळपणा आला तर आम्ल कमी पडलंय किंवा द्रावण गार झालंय. ब्युरेट भरल्यावर फनेल काढून ठेवायचं, नाहीतर त्यातून थेंब गळतात आणि रीडिंग बिघडतं. हे सगळं आपल्या जर्नलमध्ये असलंच तर शेवटच्या पानावर 'खबरदारी' म्हणून असतं. माझ्या मते ती जर्नलमधली सगळ्यात वाईट सोय आहे. प्रयोग करणारा माणूस वरून खाली वाचत येतो आणि खबरदारीपाशी पोचेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. इशारा ज्या पायरीचा असेल, त्या पायरीच्या आधी लिहा.

लिहून झालं की लॅब असिस्टंटना दाखवा. कुठल्या ब्युरेटचा कॉक गळतो, मुलं नेमकी कुठे चुकतात, हे शिक्षकांपेक्षा त्यांना जास्त माहीत असतं आणि सहसा त्यांना कोणी विचारत नाही. मग त्यांच्या परवानगीनं, त्यांच्या समोर, एफ.वाय.च्या मुलीला फक्त तो कागद द्या. तुम्ही गप्प बसा. हा भाग सगळ्यात अवघड जातो. माझ्या भाचीनं हे केलं तेव्हा संध्याकाळी तिचा फोन आला.

"मावशी, ती कागद वाचतच नव्हती गं. प्रत्येक पायरीला नुसती माझ्या तोंडाकडे बघत होती."

"मग उद्या तिच्या पाठीमागे बस. आणि ती कुठे थांबली तेवढं वहीत लिही, का थांबली ते नंतर विचार."

ती वही म्हणजे तुमचा खरा अभ्यास. जिथे ती थांबली, तिथलं वाक्य बदला आणि तोच कागद दुसऱ्या कोणाला तरी द्या. जुना आणि नवा, दोन्ही कागद जपून ठेवा, पुढे लागतील.

इंग्रजीची भीती

मराठी माध्यमातली मुलं इथे कच खातात. त्यांना मी सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिशबद्दल सांगते. विमानांची देखभाल करणारे मेकॅनिक जगभरचे असतात, अनेकांची मातृभाषा इंग्रजी नसते. त्यांच्यासाठी युरोपातल्या विमान उद्योगानं १९८०च्या दशकात ही मर्यादित इंग्रजी बांधली. तिच्या कोशात सर्वसाधारण वापराचे सुमारे ९०० शब्द आहेत. सूचनेचं वाक्य जास्तीत जास्त २० शब्दांचं, वर्णनाचं २५ शब्दांचं. एका वाक्यात एकच कृती. दोन कृती एकदमच करायच्या असतील तरच अपवाद. नियमांचं पुस्तक मागणी केल्यावर फुकट मिळतं. महिनाभर जर्नलची कृती या नियमांनी लिहून बघा. अलंकारिक इंग्रजी येणाऱ्यांना ती सवय मोडायला वेळ लागतो, तुम्हाला मोडायला काही नाही.

गुगलचे टेक्निकल रायटिंगचे कोर्सही फुकट आहेत आणि चांगले आहेत. एका सुट्टीत होतात. मायक्रोसॉफ्ट आणि गुगल या दोघांच्या स्टाइल गाइड, म्हणजे लिखाणाचे नियम सांगणाऱ्या पुस्तिका, इंटरनेटवर खुल्या आहेत. त्या पाठ करू नका, अडलं की उघडा. भरमसाट फी घेऊन 'सर्टिफाइड टेक्निकल रायटर' करून देणाऱ्यांपासून मात्र लांब राहा. या क्षेत्रातली अमेरिकेतली १९५३ची मोठी संघटना, सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन, २०२५च्या जानेवारीत दिवाळखोरी जाहीर करून बंद पडली. तिची प्रमाणपत्रंही जगभर चालायची. नोकरी देणारा माणूस तुमचं लिखाण बघतो.

कागदाचा प्रकार ओळखा

नवशिक्यांच्या लिखाणात एक गडबड नेहमी दिसते: कृती सांगता सांगता ते सिद्धांत समजावायला लागतात. आयबीएममध्ये जन्मलेल्या आणि २००५ साली खुलं मानक झालेल्या 'डिटा' या पद्धतीत मजकुराचे मुख्य प्रकार वेगळे ठेवलेत: संकल्पना, कृती, संदर्भ. मँगनीजचे आयन वेग का वाढवतात ही संकल्पना, रंग जाईपर्यंत थांबा ही कृती, आम्लाची तीव्रता किती हा संदर्भ. एका पानावर एकच. कुठल्याही मॅन्युअलचं पान उघडून हे वेगळं काढायचा सराव करा, पंधरवड्यात नजर बसते.

संदर्भाचा भाग कंटाळवाणा म्हणून सोडू नका. थेराक-२५ नावाच्या रेडिएशन यंत्रानं १९८५ ते १९८७ या काळात सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर मात्रा दिली, काही दगावले. मूळ दोष यंत्रणेत आणि सॉफ्टवेअरमध्ये होता. पण १९८६ साली टेक्सासमध्ये ऑपरेटरला पडद्यावर दिसलं ते एवढंच: 'मालफंक्शन ५४'. ऑपरेटरच्या पुस्तिकेत त्याचा उपयोगी खुलासा नव्हता, आणि असे संदेश रोजचेच असल्यानं एक बटण दाबून उपचार पुढे चालू केला गेला. एरर मेसेजची यादी लिहायचं काम पदरी पडलं तर हे आठवा.

क्रेडिट कुठे बसवायचे

नव्या शैक्षणिक धोरणानंतर आपल्याकडच्या पदवीत ओपन इलेक्टिव्ह, स्किल एन्हान्समेंट, फील्ड प्रोजेक्ट, ओजेटी (ऑन-जॉब ट्रेनिंग) अशा जागा आल्यात. इलेक्टिव्हमध्ये लेखन, भाषांतर किंवा डिझाइनचं काही मिळालं तर घ्या. खरी संधी ओजेटीत आहे. बरीच मुलं ओळखीच्या दुकानातून नुसतं पत्र आणतात. तसं न करता जवळच्या एमआयडीसीत जा. पंप, फवारणीची यंत्रं, कडबाकुट्टी, पिठाच्या गिरण्या बनवणारे छोटे कारखानदार तिथे असतात. यंत्रासोबत ते देतात काय, तर बऱ्याचदा इंग्रजीतला झेरॉक्स कागद, तोही दुसऱ्याच कुठल्या यंत्राचा बघून केलेला. वापरणारा शेतकरी मराठी वाचतो.

कडबाकुट्टी घ्या. विजेवर चालणाऱ्या यंत्राचं पातं हात तोडू शकतं. मालक म्हणतील, "आमचा माणूस एकदा चालवून दाखवतो, तेवढं पुरे." खरं आहे, पण तो दाखवतो विकत घेणाऱ्याला, आणि पुढे वैरण घालते त्याची आई किंवा सालगडी. म्हणून आधी एखाद्या गोठ्यावर जाऊन बघा. वैरण अडकली की लोक काय करतात? हातानं ढकलतात. उलट फिरवायचा दांडा कुठे आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? मेन स्विच यंत्रापासून किती लांब आहे? मग एका पानाचा मराठी कागद करा: सुरू करण्याआधी, चालवताना, अडकल्यावर, बंद करताना. चित्रं मोठी, अक्षर मोठं, आणि भिंतीवर टांगता येईल असं लॅमिनेशन. ओला हात लागला तरी टिकलं पाहिजे. कारखान्याच्या इंजिनिअरला भेटायला जाताना प्रश्न आधी कळवा आणि स्वतःला काय समजलंय ते सांगून सुरुवात करा. "सगळं समजावून सांगा" म्हणणाऱ्याला दुसऱ्यांदा वेळ मिळत नाही.

साधनांबद्दल थोडंच. मार्कडाउन (साध्या खुणांनी मजकूर मांडायची पद्धत) आणि गिट (फायलींमधले बदल नोंदवणारं साधन) शिका, मजकुराच्या भागांना खुणा लावणाऱ्या एक्सएमएलची तोंडओळख करून घ्या, संशोधनाकडे जायचं असेल तर शोधनिबंध मांडायचं लेटेक. बाकी नोकरीत शिकवतात. ओपन सोर्स, म्हणजे कोणीही बघून सुधारू शकेल अशा खुल्या सॉफ्टवेअर प्रकल्पांच्या डॉक्युमेंटेशनमध्ये मदत करता येते, पण आधी ते सॉफ्टवेअर वापरा आणि पुस्तिकेप्रमाणे जे चालत नाही ते दुरुस्त करा. अशा प्रकल्पांना मदत करायला लावणाऱ्या हॅक्टोबरफेस्ट या वार्षिक उपक्रमात २०२० साली फुकटच्या टी-शर्टसाठी लोकांनी एकेक निरर्थक शब्द घालून इतक्या सुधारणा पाठवल्या की आयोजकांना नियम बदलावे लागले. त्या रांगेत उभं राहू नका.

एआयला सांगितलं तर तो टायट्रेशनची कृती झकास लिहून देईल. तुमच्या लॅबमधला तिसरा ब्युरेट गळतो, हे त्याला कुठून कळणार? मी त्याच्याकडून स्वतःचा मजकूर तपासून घेते, माहिती घेत नाही.

विज्ञान सांगायचं असेल तर

मॅन्युअल वाचणाऱ्याला काम उरकायचं असतं. विज्ञानलेख वाचणारा मधेच उठून जाऊ शकतो. दोन्ही करून बघितल्याशिवाय आपला कल कळत नाही. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाच्या सुमारास, नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण बघायला जा. तिथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. शेजारी उभी असलेली आजी विचारेल, ही तबकडी जाळीची का, भोकातून सगळं निसटून जात नाही का? तिला दीडशे शब्दांत सांगता येतंय का बघा: इथे पकडतात त्या रेडिओ लहरींची लांबी वीसेक सेंटिमीटर आणि त्याहून जास्त, जाळीची भोकं एक-दोन सेंटिमीटरची, म्हणून लहरींना ती सपाट पत्र्यासारखीच लागते, वारा मात्र आरपार जातो आणि वजनही कमी राहतं. हेच लिहून काढा. १९२८पासूनचं 'सृष्टिज्ञान' आणि १९६६ साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेची पत्रिका चाळा, आणि त्यांच्या घाटणीत बसेल असं लिहून पाठवा.

शेवटच्या वर्षी अर्ज कराल तेव्हा पोर्टफोलिओत तीनच गोष्टी ठेवा: प्रयोगाचा आधीचा आणि नंतरचा कागद, कारखान्यातलं काम, एक विज्ञानलेख. प्रत्येकासोबत चार ओळी: वाचणारा कोण होता, तो कुठे अडला, तुम्ही काय बदललं. मुलाखतीत प्रश्न बहुतेक यावरच येतात. कारखान्याचा कागद दाखवण्याआधी मालकाची लेखी परवानगी घ्या. ते नको म्हणाले तर यंत्राचं नाव, मॉडेल नंबर आणि आतल्या भागांची मापं काढून टाका, आणि तसं काढलंय हे त्याच पानावर लिहा.