पावसाळ्यातली दगडी आणि कोनाड्यातली उरलेली ट्यूब

आषाढ-श्रावणात गोठ्याची जमीन सुकायचं नाव घेत नाही. धार काढल्यावर सडाचं तोंड काही वेळ उघडंच असतं आणि गाय तशीच शेणा-मुताच्या ओलीत बसते. जंतूंना तेवढी वाट पुरते. दोन दिवसांत एक सड कडक आणि गरम होतो, गाय हात लावू देत नाही. दगडी, म्हणजे कासदाह झाला. मग कोनाड्यातली मागच्या वेळची अर्धी अँटिबायोटिकची ट्यूब सडात सोडली जाते, मेडिकलवरून 'मागच्यासारखंच' इंजेक्शन येतं आणि सूज उतरली की उरलेलं औषध परत कोनाड्यात जातं. या पावसाळ्यात एवढं थांबवा, अशी कळकळीची विनंती आहे.

अर्धवट डोसानं कमजोर जंतू मरतात आणि औषधाला दाद न देणारे मागे उरतात. रान मोकळं मिळालं की तेच वाढतात. पुढच्या वेताला तीच ट्यूब लागू पडत नाही, सड आटतो आणि दुधाची गाय तीनच सडांवर येते. पेनिसिलिन, टेट्रासायक्लिन, सेफॅलोस्पोरिन ही औषधं माणसांच्या दवाखान्यातही वापरली जातात. गोठ्यात निबर झालेला जंतू शेणातून, कच्च्या दुधातून, आपल्या हातांवरून घरात येतो. अशा दाद न देणाऱ्या जंतूंमुळे 2019 साली जगात सुमारे 12 लाख 70 हजार माणसं थेट दगावली, असा अंदाज आहे. त्याच वर्षी जुलैत केंद्र सरकारनं दुधा-मांसासाठी पाळलेल्या जनावरांत आणि कोंबड्यांत कोलिस्टिन वापरायला बंदी केली, कारण अत्यवस्थ रुग्णासाठी राखून ठेवलेल्या शेवटच्या औषधांपैकी ते एक आहे.

आमच्याकडून एकदा चूक झाली ती सांगतो. गायीला इंजेक्शन चालू होतं. दुखरा सड सोडून बाकी तीन सडांचं दूध शेजारच्या काकूंच्या रतीबाला गेलं. सकाळी काकू पातेलं घेऊन दारात आल्या. रात्रभर विरजण लावूनही दूध जसंच्या तसं, पातळ. मानेत दिलेलं औषध चारही सडांतून उतरतं आणि उकळल्यानं बहुतेक वेळा जात नाही. त्या औषधानं विरजणाचेच जंतू मारले होते. ते दूध काकूंचा नातू प्यायला होता, हे आठवलं की आजही जिवाला लागतं. दही लागलं म्हणजे दूध शुद्ध असं मात्र धरू नका. औषध थोडं असेल तर दही लागतंही.

म्हणून शेवटच्या डोसापासून दिवस मोजा. दूध किती दिवस बंद ठेवायचं ते औषधाच्या लेबलवर असतं. ठरावीक मुदत दिलेली नसेल तर नियमाप्रमाणे दुधाला किमान 7 दिवस आणि मांसाला 28 दिवस धरायचे. ते दूध डेअरीला नको, वासराला तर मुळीच नको, कारण त्याच्या पोटात असेच निबर जंतू वाढतात. गोबरगॅसमध्येही ओतू नका, तिथले उपयोगी जंतू मरून गॅस मंदावतो. विहिरीपासून लांब खड्डा करून त्यात जिरवा.

आता दगडी होऊच नये म्हणून. धार झाली की लगेच गव्हाणीत वैरण टाका. गाय अर्धा तास उभी राहिली की सडाचं तोंड मिटतं. माझ्या मते पावसाळ्यातला सगळ्यात स्वस्त उपाय हाच. सड आयोडीनच्या द्रावणात बुडवा. अंगठा मुडपून धार काढू नका, सडाला आतून इजा होते. पूर्ण मुठीनं काढा. आजारी गायीची धार सगळ्यात शेवटी. जमिनीवर चुना भुरभुरून ती कोरडी ठेवा.

पहिल्या दोन धारा काळ्या ताटलीत घेऊन गुठळ्या दिसतात का बघा. दिसत नसल्या तरी पंधरवड्यातून एकदा 100 मिलि पाण्यात 3 ग्रॅम कपडे धुण्याची पावडर विरघळवून, त्या द्रावणाइतकंच दूध त्यात मिसळून हलवा. प्रत्येक सडाचं वेगळं. मिश्रण चिकट, बुळबुळीत झालं तर त्या सडात दगडी दबा धरून आहे.

शंका आली की आधी पशुवैद्यकांना फोन, नाहीतर जनावरांच्या उपचारासाठीच्या 1962 या हेल्पलाइनवर. औषध सुरू होण्याआधी दुधाचा नमुना घ्यायला सांगा: सड स्पिरिटनं पुसून, पहिल्या धारा टाकून, निर्जंतुक बाटलीत, बर्फात ठेवून. जंतूला कोणतं औषध लागू पडतं ते प्रयोगशाळा सांगते. इंजेक्शननंतरच्या नमुन्यात जंतू सापडेलच असं नाही. दरम्यान कास वारंवार रिकामी करा. सूज नुकती असेल तर 250 ग्रॅम कोरफड, 50 ग्रॅम हळद, 15 ग्रॅम चुना वाटून केलेला लेप थोडा थोडा पाण्यात पातळ करून दिवसातून अनेकदा कासेला लावता येतो. ताप असेल, गाय खात नसेल, तर लेपावर विसंबू नका.

तिवा, लाळ्या-खुरकूत, लम्पी हे विषाणूंचे आजार. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. जखम चिघळली म्हणून द्यायचं की नाही, ते डॉक्टर ठरवतील. घटसर्प, फऱ्याची लस राहिली असेल तर आजच विचारा.

आमच्याकडे औषध चालू असलेल्या गायीच्या मागच्या पायाला लाल चिंधी बांधतात आणि भिंतीवर खडूनं शेवटच्या डोसाची तारीख लिहितात. धार काढायला घरातलं कुणीही बसो, चिंधी दिसली की त्या गायीची बादली वेगळी.