बजेटमधला पैसा खरंच फिरणार का, हे घरबसल्या कसं ओळखायचं

बजेट आलं की आमच्या ठाण्यातल्या सोसायटीच्या ग्रुपवर भांडण ठरलेलं, एक पार्टी म्हणते सरकारने खर्च केला की भरभराट, दुसरी म्हणते सगळा पैसा पाण्यात. आकड्यावर भांडतात सगळे, वेळ मंदीची चालू आहे की तेजीची ते कोणी बघत नाही.

आधी मजुरांच्या नाक्यावर चक्कर मारा (म्हणजे एवढं तरी घराबाहेर पडा). दहा वाजले तरी माणसं तशीच बसलेली असतील तर सरकारने काम काढलं की ह्याच रिकाम्या हातांना रोजी मिळते, ते किराणा भरतात, किराणावाला वाशीच्या एपीएमसीतून जास्त माल उचलतो, पैसा फिरत राहतो. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्राने रोजगार हमीची कामं काढली तेव्हा शेतात काम नव्हतंच, त्यामुळे कोणाचा मजूर पळाला नाही. पण नाका आठलाच रिकामा होत असेल तर बिल्डरकडचाच मिस्त्री उठून सरकारी साईटवर जाणार, वाढणार फक्त मजुरीचा रेट.

मग व्याज बघा. 2020 मध्ये रेपो रेट (रिझर्व्ह बँक ज्या व्याजाने बँकांना कर्ज देते तो) 4 टक्के होता, एप्रिल ते जून जीडीपी जवळपास 24 टक्के आपटलेला, कर्जाला गिऱ्हाईक नव्हतं, म्हणजे सरकारने उधारी घेतली तरी कोणाच्या वाटणीचं खाल्लं नाही. गोची एकच, जनधनच्या बायकांच्या खात्यात महिना 500 आले पण लॉकडाऊनमध्ये बहुतेक दुकानं बंद, खर्च करायचा कुठे? म्हणून मंदी आहे एवढं पुरत नाही, बाजार उघडाही पाहिजे. 2023 मध्ये महागाई दाबायला रेपो 6.5 वर नेलेला, तेव्हा रिझर्व्ह बँक नळ आवळत होती, अशात सरकारने बादल्या ओतल्या तर भाव चढणारच.

आता पेनाने गणित, सरकारने टाकलेले 100 रुपये किती फिरतात त्याचं. प्रत्येकाने हातात आलेल्या 100 मधले 60 इथेच खर्च केले तर 100, 60, 36 असं करत एकूण 250 ची उलाढाल होते. 20 च केले, बाकी ईएमआय, टॅक्स आणि बाहेरून आलेल्या मोबाईलमध्ये गेले, तर जेमतेम 125.

सगळ्यात शेवटी तारीख, आणि इथेच सगळे फसतात. नवी मुंबईतल्या बेलापूर ते पेंधर मेट्रोचं काम 2011 ला सुरू, गाडी धावली नोव्हेंबर 2023 ला, मधे मंदी, तेजी, कोरोना सगळं होऊन गेलं. त्यामुळे मंदीवर उपाय म्हणून मोठा प्रोजेक्ट जाहीर झाला की मी आधी वर्क ऑर्डर (ठेकेदाराला काम सुरू करायचा लेखी आदेश) निघाली का ते शोधतो, आणि खड्डे, गटारं, शाळेची डागडुजी असली फुटकळ कामं बजेटमध्ये आहेत का ते बघतो, कारण ती पुढच्या महिन्यात सुरू होऊ शकतात.